दर महिन्याचे बिल

कोपरीतल्या कोणत्याही गल्लीत मान वर करून पाहिले, तर खांबावरून गच्चीकडे आणि गच्चीवरून पुढच्या इमारतीकडे गेलेल्या काळ्या केबली दिसतात. ठाणे स्थानकाच्या पूर्वेला, रेल्वे आणि खाडी यांच्या मधल्या या पट्ट्यात चेंदणी कोळीवाड्याची जुनी घरे आहेत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची कोपरी कॉलनी आहे, चाळी आहेत, झोपडपट्ट्या आहेत आणि आताचे टॉवरही आहेत. या सगळ्यांच्या डोक्यावरून इंटरनेट गेलेले आहे. तरीही इथल्या शाळेतल्या मुलीला वर्गात बसून विश्वकोशातली एखादी नोंद उघडता येईल का, किंवा वाचनालयाच्या टेबलाशी बसून परीक्षेचा अर्ज भरता येईल का, हे केबल कुठवर आली यावरून कळत नाही. त्या केबलीचे दर महिन्याचे बिल कोणाच्या नावावर येते आणि ते भरायला पैसा कोणत्या सदराखाली काढायचा, यावर ते ठरते.

ही पुस्तिका त्या बिलाविषयी आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातले ग्रंथपाल, वाचनालयांचे कार्यवाह, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणारे पालक डोळ्यांसमोर ठेवून ती तयार केली आहे. शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेट परवडावे म्हणून शासनाचा पैसा कोणत्या वाटांनी येतो, कुठे अडतो आणि जगात इतरांनी काय केले, हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येईल. इथे मी फक्त विषयाची मांडणी करतो आणि त्यातले माझे मतही सांगून टाकतो. आपल्याकडची सरकारी मदत वस्तू घेऊन देते. संगणक, प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड यांच्यासाठी ती एकदा येते, फोटो निघतात, आणि मग महिन्यामागून महिना येणारा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो. इंटरनेट हा जवळजवळ सगळा महिन्याचाच खर्च आहे. म्हणून आपल्या मदतीच्या पद्धतीत तो नेमका निसटतो.

आधी गरज कोणाची, ते पाहू. दहावीचा निकाल लागला की मुंबई महानगर परिसरात अकरावीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. २००९ पासून ही पद्धत इथे आहे आणि २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांचा अर्ज ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, लोकसेवा आयोगाची जाहिरात, अर्ज, प्रवेशपत्र, उत्तरतालिका आणि निकाल सगळे ऑनलाइन. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा ॲपवरचा धडा असतो. मराठी विश्वकोशाचे खंड आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कागद वाचला, कार्यालयासमोरच्या रांगा कमी झाल्या, हे चांगलेच झाले. पण त्याच वेळी एक खर्च शासनाच्या कार्यालयातून उचलला जाऊन नागरिकाच्या खिशात गेला, आणि त्याची नोंद कुठल्याच अर्थसंकल्पात झाली नाही.

मोबाइल तर सगळ्यांकडे आहे, असे यावर लगेच सांगितले जाते. आहे, घरात एक आहे. तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला परत येतो. त्यावर अर्ज भरायला बसले, तर छायाचित्र सांगितलेल्या केबीत बसत नाही, जातीच्या दाखल्याची पीडीएफ नीट निघत नाही, मध्येच ओटीपीची वेळ संपते. मग दुसऱ्या दिवशी सायबर कॅफे. तिथे अर्ज भरण्याचे वेगळे, स्कॅनचे वेगळे, प्रिंटचे वेगळे पैसे, आणि चूक झाली तर दुरुस्तीचेही. वाचनालयातल्या टेबलाचा उपयोग इथे कळतो. मोठा पडदा, छापण्याची सोय, बसायला शांत जागा, आणि अर्जातला ‘अधिवास’ म्हणजे काय हे विचारायला समोर एक माणूस. कोपरीत अभ्यासिकेत जाणाऱ्या मुलांना घरात जागा नसते म्हणून ती तिथे जातात. जागेची ही गरज महापालिकेने आणि संस्थांनी ओळखली, अभ्यासिका उभ्या राहिल्या. जोडणीची गरज तितकी अजून ओळखलेली नाही.

२०२० मध्ये हे सगळे उघडे पडले. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनमध्ये शैक्षणिक वर्ष पडद्यावर सुरू झाले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी राज्याची मोहीमच होती. ग्रंथालयेही बंद होती; ती उघडायला १५ ऑक्टोबर उजाडला. शिक्षकांनी स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरून वर्ग घेतले, पालकांनी उसनवारी करून रिचार्ज मारले. त्या वर्षी एक गोष्ट शिकायला हवी होती, की जोडणी ही शाळेची वीज आणि पाणी यांच्याइतकीच रोजची गरज आहे. शाळा उघडल्या आणि तो विषय पुन्हा मागे पडला.

या भागाला वाचनालये नवी नाहीत. रेल्वे ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ रोजी, कल्याणला पोहोचली १ मे १८५४ रोजी, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ चे. मुंबईच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापेक्षा ते पाच वर्षांनी मोठे. त्याच्या संस्थापकांत पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे होते. या संस्था सरकारने काढल्या नाहीत. वकील, मास्तर, कारकून, व्यापारी अशा गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. वर्तमानपत्र आणि ग्रंथ एकेकट्याला परवडत नव्हते, म्हणून दहाजणांनी मिळून घ्यायचे आणि अकराव्यालाही वाचू द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता. त्या काळात महाग होता तो छापील कागद. आज एका कुटुंबाला दरमहा न परवडणारी गोष्ट जोडणी आहे, आणि ती वाटून घेण्याची जागा अजूनही वाचनालय हीच आहे. आपण नवीन काही मागत नाही, एवढे मला यातून सांगायचे आहे.

सरकार या कामात उतरले ते उशिरा. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. मुंबई प्रांतात त्याआधी आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ग्रंथालयांच्या विकासाचा आराखडा दिला होता, आणि चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातून अनुदाने सुरू झाली. मग १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि १९७० चे अनुदानाचे नियम. या कायद्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या अडचणीचे मूळ त्यात आहे. मद्रासने १९४८ मध्ये जो कायदा केला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. केरळनेही पुढे तोच मार्ग धरला. तिथे ग्रंथालयांच्या वाट्याला घरपट्टीबरोबर येणारा, दरवर्षी आपोआप वाढणारा पैसा असतो. महाराष्ट्राने उपकर टाळला. लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यायची, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गाला ठरावीक परिरक्षण अनुदान द्यायचे, हा आपला मार्ग. त्यामुळे गावोगावी अकरा-बारा हजार ग्रंथालये तगली, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मनापासून मान्य केली पाहिजे. पण अनुदानाचा आकडा शासन निर्णयानेच हलतो, आणि दोन वाढींच्या मध्ये दहा-दहा वर्षे जातात. २०१२ नंतर वाढ झाली ती थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये, साठ टक्के.

त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ४८ हजार रुपये मिळतात. त्याआधी ३० हजार मिळत. आता हा हिशेब मांडून पाहू. ढोबळमानाने निम्मा पैसा कर्मचाऱ्याच्या वेतनाचा, म्हणजे २४ हजार, म्हणजे महिना दोन हजार. हा आकडा वाचकाने थांबून वाचावा. उरलेल्या वेतनेतर २४ हजारांतला निम्मा ग्रंथ आणि नियतकालिकांसाठी धरा. शिल्लक राहिले १२ हजार. त्यात वर्षभराची वीज, भाडे किंवा मालमत्ता कर, पुस्तकबांधणी, टपाल, स्टेशनरी, लेखापरीक्षणाची फी आणि छपराची गळती. महिना सहाशे रुपयांची साधी ब्रॉडबँड जोडणी घेतली, तर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरून ती ७०८ रुपयांना पडते, वर्षाला ८,४९६. बारा हजारांतले साडेआठ हजार. म्हणजे जोडणी घेतली तर वीज तोडावी लागेल, आणि वीज तोडली तर जोडणीचा उपयोग नाही. त्या साडेआठ हजारांत सुमारे १,३०० रुपये कराचे आहेत. शासन एका हाताने ग्रंथालयाला जे देते, त्यातला काही भाग दुसऱ्या हाताने या बिलावरच परत घेते. वरच्या वर्गांतली गणिते याहून बरी आहेत. जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान ११ लाख ५२ हजारांवर गेले, आणि तिथे आठ-दहा हजारांचे बिल कोणी मोजत बसणार नाही. पण वस्तीतली वाचनालये बहुतेक खालच्या वर्गांतच असतात.

कोपरीतल्या एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी बसतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. आमच्या जमाखर्चात इंटरनेटला स्वतःचे सदर नाही. कधी ते दूरध्वनीत जाते, कधी किरकोळ खर्चात. दूरध्वनी काढून टाकला त्या वर्षी लेखापरीक्षकाने विचारले, की दूरध्वनी नाही तर त्याचे बिल कसे? प्रश्न बरोबरच होता. जमाखर्चात जागा नसलेला खर्च ‘किरकोळ’ ठरतो, आणि तंगीच्या वर्षात पहिल्यांदा किरकोळच कापले जाते. सभासदाची वर्गणी दहा रुपयांनी वाढवायची म्हटली तरी ज्यांना टेबलाची सगळ्यांत जास्त गरज आहे, तीच मुले पहिल्यांदा गळतात. असा हा पेच आहे, आणि तो स्थानिक देणगीदारांच्या भरवशावर कायमचा सुटत नाही. देणगीदार संगणक देतो, त्यावर आईवडिलांचे नाव घालता येते. दर महिन्याच्या सातशे आठ रुपयांवर नाव घालता येत नाही.

केंद्राच्या पैशाचेही तसेच आहे. कोलकात्यातले राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून राज्यांबरोबर वाटा उचलून ग्रंथ, इमारत, साधने यांना मदत करते. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र मिशनची शिफारस केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय मिशन सुरू झाले, चारशे कोटींचे. राज्यातले मध्यवर्ती ग्रंथालय आणि एखादे जिल्हा ग्रंथालय आदर्श करायचे, असा त्याचा घाट होता. वस्तीतल्या वाचनालयापर्यंत तो पाझरण्याची सोय त्यात नव्हती.

शाळांची कहाणी थोडी वेगळी आहे, कारण तिथे निदान कागदावर आवर्ती खर्चाचा विचार झालेला आहे. समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या शासकीय आणि अनुदानित शाळेला संगणक प्रयोगशाळेसाठी ६ लाख ४० हजारांपर्यंत एकदाच आणि त्यानंतर वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती मदत मिळू शकते. या आवर्ती रकमेतून प्रशिक्षकाचे मानधन, वीज, दुरुस्ती आणि इंटरनेट भागवायचे. स्मार्ट वर्गासाठी २ लाख ४० हजार एकदा आणि वर्षाला ३८ हजार. आकडे वाईट नाहीत. ही आवर्ती मदत पाच वर्षांची असते, आणि खरी मेख तिथे आहे. महाराष्ट्राने याआधीची माहिती-तंत्रज्ञान योजना खासगी कंत्राटदारांमार्फत पाच-पाच वर्षांच्या करारांवर राबवली. करार संपले, शिक्षक घरी गेले, त्यांची आंदोलने झाली, आणि कित्येक शाळांत संगणक जुने होत बंद खोलीत पडून राहिले. सहाव्या वर्षीच्या मुलांना मागच्या पाच वर्षांतल्या मुलांपेक्षा इंटरनेट कमी लागते, असे तर कोणी म्हणणार नाही.

पहिली ते पाचवीच्या शाळेला तर ही वाटच बंद आहे. तिला मिळते ते संयुक्त शाळा अनुदान, पटावर अवलंबून. तीसपर्यंत मुले असतील तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातच खडू, झाडू, नळाची तोटी, प्रथमोपचार पेटी आणि विजेचे बिल. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची वीज थकबाकीपायी तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. विजेच्या दरपत्रकात शासकीय शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा गट पुढे आला, तोवर शाळेला दुकानासारखा दर लागत होता. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. शाळेसाठी वेगळा दर असू शकतो, हे तत्त्व विजेच्या बाबतीत महाराष्ट्राने स्वीकारलेले आहे. इंटरनेटच्या बाबतीत ते का लागू होऊ नये? आणि खासगी अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान अपुरे आणि अनियमित असल्याची तक्रार तर इतकी जुनी आहे, की ती करणारे मुख्याध्यापक निवृत्त होऊन गेले.

याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल होण्याचा जो प्रयोग केला, तो राज्यभर गाजला. त्यानंतर २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतून हजारो शाळांत पडदे आणि टॅब आले. शिक्षक आणि गावकऱ्यांनी मिळून केलेले ते काम कौतुकाचेच होते. पण लोकवर्गणी हीसुद्धा एकदाच निघते. जत्रेला निघते, सप्ताहाला निघते, शाळेच्या पडद्यालाही निघाली. दर महिन्याला बिलाची पावती घेऊन दारोदार फिरणारा शिक्षक कोणत्याही गावाला नको असतो, आणि शिक्षकाने ते करूही नये.

देशपातळीवरच्या आकड्यांत सुधारणा दिसते. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यूडायस प्लस प्रणालीनुसार इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण २०२१-२२ मध्ये सुमारे ३४ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ५३.९ आणि २०२४-२५ मध्ये ६३.५ झाले. ही वाढ खरी आहे. फक्त हा आकडा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक जोडणी आहे, तिच्यावर विद्यार्थ्यांच्या ‘सरल’, वेतनाच्या ‘शालार्थ’ आणि पोषण आहाराच्या नोंदी भरल्या जातात, आणि मुलांच्या वर्गापर्यंत ती पोहोचतच नाही, अशी शाळाही त्यात ‘आहे’ या बाजूलाच मोजली जाते.

आता थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ऑलिंपिया स्नो आणि जे रॉकफेलर या दोन सिनेटरांनी एक तरतूद घालून घेतली. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना दूरसंचार सेवा सवलतीच्या दरात मिळाली पाहिजे, अशी. तिला ‘ई-रेट’ म्हणतात. तिची रचना बघण्यासारखी आहे. सरकार शाळेला संगणक देत नाही. शाळा किंवा ग्रंथालय आपली गरज जाहीर करते, कंपन्या दर सांगतात, संस्था त्यातला एक निवडते, आणि बिलाचा २० ते ९० टक्के भाग निधीतून भरला जातो. किती टक्के, हे त्या शाळेतल्या किती मुलांना मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळते यावरून आणि शाळा खेड्यात की शहरात यावरून ठरते. जितकी गरीब वस्ती, तितकी मोठी सवलत. शहरातली गरीब वस्ती त्यातून वगळलेली नाही. पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांनी भरायच्या वाट्यातून. सुरुवातीला वर्षाची मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलर होती, २०१४ मध्ये ती ३.९ अब्जांवर नेली आणि वर्गातल्या वायफायसाठीही पैसा मोकळा केला. हा निधी घटनाबाह्य आहे म्हणून खटला झाला. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

हे वर्णन वाचून कोणी अमेरिकेची नक्कल करा असे म्हणू नये. ई-रेटच्या पहिल्या वर्षांत गैरव्यवहार झाले. अर्जाची कागदपत्रे इतकी वाढली, की सल्लागारांचा एक धंदाच उभा राहिला आणि लहान ग्रंथालयांनी त्या वाटेला जाणेच सोडले. २००० च्या कायद्याने सवलतीला संगणकांवर मजकूर अडवणारी गाळणी बसवण्याची अट जोडली, तिच्यावर ग्रंथपालांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि ती हरली. या चुका आपण टाळू शकतो. त्यातला घेण्यासारखा गाभा एवढाच: मदत बिलाला द्यायची, दरवर्षी द्यायची आणि वस्ती किती गरीब आहे हे पाहून द्यायची.

अशा निधीसाठी आपल्याकडे पैसा नाही, हे म्हणणे टिकत नाही, कारण निधी आपल्याकडेही आहे. १ एप्रिल २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जमा होतात. आपण प्रत्येकजण रिचार्ज करतो, त्यातला अंश त्यात जातो. कोपरीतल्या घरकाम करणाऱ्या बाईच्या रिचार्जमधूनही जातो. तो निधी बराच काळ मोठ्या प्रमाणात न वापरता पडून राहिला आणि जो वापरला गेला, तो प्रामुख्याने ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी. २०११ मध्ये मंजूर झालेले आणि नंतर भारतनेट झालेले ग्रामपंचायतींचे फायबर जाळे त्यातूनच. २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमाला एक लाख ३९ हजार कोटींहून अधिक मंजूर झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सगळ्या शासकीय माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. शहापूर, मुरबाडच्या शाळांना याचा लाभ व्हायलाच हवा. तिथली गरज मोठी आहे, आणि त्यांच्या ताटातले आपल्याकडे ओढावे असे मी कधीही म्हणणार नाही.

पण २०१४ मध्ये पालघर वेगळे झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत. इथला गरीब मुलगा बहुतांशी शहरात राहतो. भारतनेटच्या नकाशावर कोपरी नाही, कल्याण-डोंबिवलीतल्या वस्त्या नाहीत, उल्हासनगर नाही. शहरात बाजार आहे, बाजार जोडणी देईल, असे गृहीत धरलेले आहे. बाजाराने ती दिलीही. मुंबई आणि ठाण्यात एमटीएनएल, कल्याणपासून पुढे बीएसएनएल, आणि दोन्हीकडे डझनभर खासगी कंपन्या. बाजार बिलही देतो, आणि ते भरण्याची ताकद नसलेल्या शाळेचे काय करायचे, हा बाजाराचा विषय नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने सार्वत्रिक सेवा निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले, आणि त्याच्या उद्दिष्टांत सेवेपासून वंचित असलेल्या ग्रामीण आणि दुर्गम भागांच्या बरोबरीने नागरी भागांचाही समावेश केला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियमही निघाले. त्यांत महिला, दिव्यांग आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना सेवा मिळवून देण्याचा निकष आहे. माझ्या मते या पुस्तिकेतली सर्वांत कामाची माहिती हीच आहे. शहरी गरीब वस्तीतल्या शाळेने आणि वाचनालयाने मदत मागायला कायद्यात आता आधार आहे. योजना नाही, आधार आहे. तो वापरून योजना मागावी लागेल, आणि ती नगरसेवक, आमदार, खासदार, ग्रंथालय संचालनालय अशा सगळ्या पायऱ्यांवर मागावी लागेल. केरळकडे पाहा: २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला, आणि जून २०२३ मध्ये राज्याने स्वतःचे के-फॉन जाळे सुरू केले, शाळा आणि शासकीय कार्यालये जोडण्यासाठी. त्या राज्यात वाचनालयांची चळवळ बळकट आहे, आणि मागणी करणारे लोक संघटित आहेत.

आपल्याकडे राज्य पातळीवर त्याहून सोपी एक गोष्ट उद्या करता येईल. परिरक्षण अनुदानाच्या मान्य खर्चात ‘इंटरनेट जोडणी’ हे स्वतंत्र सदर करावे आणि त्याची रक्कम अनुदानाच्या वर द्यावी, आतून नको. आतून दिली तर पुस्तकांचा पैसा जाईल, आणि पुस्तके विकून इंटरनेट घेणारे वाचनालय मला तरी नको आहे. महापालिकेनेही आपल्या अर्थसंकल्पात शाळा आणि अभ्यासिका यांच्या जोडणीचा आवर्ती खर्च दुरुस्तीपासून वेगळा दाखवावा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ओळ छापलेली हवी. छापलेल्या ओळीवर पुढच्या वर्षी प्रश्न विचारता येतो.

जोडणी आल्यावरचा एक प्रश्न या पुस्तिकेत पुरेसा आलेला नाही, तो इथेच सांगतो. टेबलाशी मदत करणारा माणूस कोण? महिना दोन हजारांत वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंनी पुस्तके देवघेव करायची, झाडायचे, आणि शिष्यवृत्तीचा अर्जही भरून द्यायचा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी मिळावी ही मागणी कित्येक दशके जुनी आहे. इंटरनेटची मागणी करताना तिला बाजूला सारू नये. दोन्ही एकाच निवेदनात लिहाव्यात.

आणि शेवटी कामाचे. कोणतेही निवेदन घेऊन गेले की पहिला प्रश्न येतो, ‘उपयोग किती होतो?’ बहुतेक वाचनालयांकडे पुस्तकांच्या देवघेवीची नोंद चोख असते, पण इंटरनेटच्या टेबलाची नसते. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी एका नोंदवहीचा कोरा नमुना जोडला आहे. त्यात रकाने पाचच आहेत: तारीख, वाचकाचा वयोगट, काम कशाचे (अर्ज, प्रवेशपत्र, अभ्यास, वाचन, इतर), किती वेळ, आणि काम झाले की नाही. नाव लिहू नये, मोबाइल क्रमांक तर नकोच. कोण काय पाहते याची यादी करणे हे वाचनालयाचे काम नाही. शेजारच्या पानावर त्या महिन्याचे बिल चिकटवावे आणि सेवा किती दिवस बंद होती तेही लिहावे. एप्रिल ते मार्च अशी ही वही भरली, की वार्षिक अहवालाबरोबर तिचा एक पानी गोषवारा जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा, शाळेने तो शिक्षण विभागात द्यावा, आणि पोच घ्यावी.